प्रतिलेखन आणि भाषांतरण: पेशीत भाषा कुठून आली?

नाशिकरोडच्या एका आईंनी विचारले आहे: ‘मुलीच्या दहावीच्या विज्ञानात प्रथिने कशी तयार होतात ते सांगताना आधी प्रतिलेखन आणि मग भाषांतरण असे शब्द येतात. दोन्हींत डीएनएची नक्कलच होत असेल, तर दोन शब्द कशाला? आणि पेशीत कसली आली भाषा?’

ताई, नक्कल फक्त पहिल्यात होते. दुसऱ्यात खरोखरच भाषा बदलते, म्हणून हे दोन शब्द वेगळेच हवेत.

डीएनएतला मजकूर चार अक्षरांचा असतो: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. एखादे प्रथिन हवे झाले की केंद्रकात त्या जनुकापुरता मजकूर एम-आरएनए या निरोप्या रेणूवर उतरवला जातो. आरएनएची अक्षरेही चारच. त्यांतली तीन तीच, फक्त थायमिनच्या जागी युरासिल येते. एका अक्षराला एक अक्षर आणि क्रमही तोच. आपल्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या जुन्या नामावळींत मोडीतल्या नोंदी सापडतात. अशी नोंद कुणी बाळबोधीत उतरवून दिली, तरी तिचे मराठी मराठीच राहते. प्रतिलेखन हे असे आहे. माझ्या मते इथे ‘लिप्यंतर’ही शोभला असता, पण रुळलेला शब्द चांगला आहे, तो बदलण्याची गरज नाही.

पुढचे काम निराळे. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. ही आम्ले वीस प्रकारची, आणि त्यांच्या घडणीचे आरएनएच्या अक्षरांशी काहीही साम्य नाही. चार अक्षरांवरून वीस आम्ले ओळखायची, तर एकेक अक्षर पुरत नाही. दोन-दोनच्या जोड्या केल्या तरी सोळाच होतात. तीन-तीन घेतली की 64 होतात. म्हणून रायबोझोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने जोडणाऱ्या यंत्रणेवर, एम-आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. 64 पैकी 61 त्रिके अमिनो आम्लांची असतात आणि उरलेली तीन ‘इथे थांबा’ असे सांगतात.

यातले पहिले त्रिक 1961 मध्ये उलगडले. निरेनबर्ग आणि मथाई या शास्त्रज्ञांनी नुसत्या युरासिलचा आरएनए पेशींच्या अर्कात घातला, तेव्हा फक्त फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. म्हणजे तीन युरासिल बरोबर फेनिलॲलनिन. बाकीची त्रिके लावण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. 1968 चे नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळाले.

पण भाषांतर म्हटले की दुभाष्या हवाच. तो कोण? सहसा टी-आरएनएचे, म्हणजे अमिनो आम्ल रायबोझोमकडे आणणाऱ्या छोट्या आरएनएचे, नाव सांगतात. त्याच्या एका बाजूला त्रिकाशी जुळणारी तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. मात्र 1962 मधला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. टी-आरएनएला जोडलेल्या सिस्टिन या अमिनो आम्लाचे तिथल्या तिथे रासायनिक क्रियेने ॲलनिन हे दुसरे आम्ल केले गेले. रायबोझोमला ते कळलेच नाही, त्याने सिस्टिनच्या जागी ॲलनिन बसवले. रायबोझोम फक्त अक्षरे जुळवतो, आम्ल तपासत नाही. टी-आरएनएही जे जोडले जाईल ते घेऊन येतो. कोणत्या टी-आरएनएला कोणते आम्ल जोडायचे, हे त्यासाठीची खास विकरे (एन्झाइम) ठरवतात. त्यांना टी-आरएनएही ओळखता येतो आणि आम्लही. दोन्ही भाषा येणारी तीच, म्हणून खरे दुभाषे मी त्यांनाच म्हणेन. पाठ्यपुस्तकात त्यांना दोन ओळी तरी मिळाव्यात, असे मनापासून वाटते.

आता ‘भाषांतर’ की ‘भाषांतरण’? मराठीत भाषांतर, रूपांतर, स्थलांतर हे शब्द क्रियाच सांगतात, त्यांना पुढे ‘ण’ जोडण्याची आवश्यकता नसते. मी ‘भाषांतर’च लिहितो. मुलीने परीक्षेत मात्र पुस्तकातला शब्द लिहावा. त्याच पाठातले ‘स्थानांतरण’ म्हणजे रायबोझोमचे एम-आरएनएवर एकेका त्रिकाने पुढे सरकणे. त्याचा भाषेशी संबंध नाही, त्यामुळे या दोन शब्दांत त्याची गल्लत होऊ देऊ नये.