कैलास-मानसरोवरासाठी पहिला अर्ज भरताना

परभणीहून प्रथमच कैलास-मानसरोवरास जाऊ इच्छिता, तर सरकारी यात्रेचा मार्ग धरा. त्यात चीनच्या व्हिसाची व्यवस्था परराष्ट्र मंत्रालयच करते, त्यामुळे कोणा एजंटाच्या हाती मूळ पासपोर्ट देण्याचे कारणच नाही.

सर्वांत आधी पासपोर्ट पाहा. यात्रेच्या वर्षीच्या १ सप्टेंबरला त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. आपल्याकडे आधारवर ‘ज्ञानोबा’ आणि दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ असा घोळ घरोघरी असतो. तो अर्जाच्या हंगामात निस्तरू म्हटले, तर दुरुस्ती, पोलीस पडताळणी आणि टपाल यांतच अर्जाची मुदत उलटते. म्हणून हे काम दिवाळीतच उरका. अर्जातले नाव पासपोर्टवरून अक्षरशः उतरवा.

त्यानंतरची अट प्रकृतीची. वय १८ ते ७० आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ किंवा त्याहून कमी हवा. दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत निवड झालेलेही गळतात, आणि उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीच्या वाटेवर गुंजी गावी पुन्हा तपासणी होते. कैलास परिक्रमेतली डोल्मा खिंड ५,६०० मीटर उंचीच्या आसपास आहे, तेव्हा रक्तदाब असल्यास तो लपवू नका.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- सोडतीत नाव येण्याआधीच नांदेडहून दिल्लीकडे जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसचे तिकीट काढणे.
- अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक मध्येच बदलणे.

नेपाळमार्गे खासगी यात्रेचे गट-व्हिसा आणि तिबेटचे परवाने हा विषय सध्या बाजूला ठेवा; आधी पासपोर्ट हाती घेऊन त्यावरची मुदत संपण्याची तारीख मला कळवा.