मांजर स्पीकरच्या कापडी जाळीवर नखं घासतं, काय करावं?

ताणून बसवलेलं भरड कापड, तेही उभं आणि न हलणारं. मांजराला घरात याहून बरी जागा मिळत नाही. तेव्हा तशीच दुसरी द्या: सुतळी किंवा काथ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला, जड बुडाचा खांब. उंची किमान 80-90 सेंमी, म्हणजे मांजर मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभं राहील. तो स्पीकरला खेटूनच ठेवा. लांबच्या कोपऱ्यात फुकट जातो. डगमगला तर मांजर परत स्पीकरकडेच.

जाळी मात्र काढून ठेवू नका. कापड स्वस्तात बदलता येतं, पण ट्वीटरच्या (वरचे स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) रेशमी डोमला, म्हणजे पुढच्या नाजूक घुमटाला, नख लागलं तर बहुतेकदा अख्खा ट्वीटर बदलावा लागतो. फारच उच्छाद असेल तर जाळीच्या फ्रेमवर छिद्रांचा ॲल्युमिनियम पत्रा बसवा. लोखंडी नको, ट्वीटरचं चुंबक ओढतं. छिद्रांचा भाग निम्म्याहून जास्त हवा, नाहीतर वरचे स्वर दबतात. कडेला फोमची पट्टी लावा, नाहीतर पत्रा झणझणतो.

स्टँडवरच्या छोट्या स्पीकरखाली चारही कोपऱ्यांत ब्लू-टॅकच्या (कणकेसारख्या मऊ, चिकट पदार्थाच्या) वाटाण्याएवढ्या गोळ्या दाबा, उडी मारली तरी सरकत नाही.

आणि निलगिरी किंवा संत्र्याचं तेल शिंपडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मांजराला ते विषारी असतं.