त्या 140 घरांचं काय झालं?

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काल रात्री एका बैठकीत वाचून काढलं. प्रश्नावली चांगली उतरली आहे. किसननगरच्या चाळी, वर्तकनगरच्या जुन्या इमारती आणि मानपाड्याचे टॉवर या तिन्ही ठिकाणी याद्या करून ठरावीक अंतराने घरं निवडलीस, हे काम कष्टाचं आहे आणि ते तू मन लावून केलंस. पण शेवटच्या पानावर एक वाक्य आहे: ‘140 घरी कोणी उपलब्ध नसल्याने लगतच्या घरातील महिलेची मुलाखत घेण्यात आली.’ हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

तुझा विषय आहे ठाण्यातल्या बायकांचं कमावतं काम. तू दारोदार फिरलीस सकाळी अकरा ते दुपारी दोन. आता मला सांग, कामाला जाणारी बाई त्या वेळी कुठे असेल? ऐरोली-रबाळेच्या कंपनीत, वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या गाळ्यात, नाहीतर चौथ्या घरच्या पोळ्या लाटत. तिच्या दाराला कुलूप असणार. जी दार उघडेल ती बहुतेक वेळा घरी असणारी. म्हणजे तुला जे मोजायचं आहे, त्याच कारणाने ती बाई तुझ्या मोजणीतून निसटते आहे.

आकडे मांडून बघ. यादीतल्या 400 घरांपैकी 260 घरी मुलाखत झाली, त्यातल्या 78 बायका कमावत्या, म्हणजे 30 टक्के. उरलेल्या 140 घरांत, समज, 70 टक्के बायका कमावत्या आहेत. त्या झाल्या 98. एकूण 176, म्हणजे 44 टक्के. तुझ्या आणि खऱ्या आकड्यात 14 टक्क्यांचं अंतर. हे 14 कुठून आले तेही पाहा. न भेटलेल्यांचं प्रमाण 35 टक्के आणि भेटलेल्या-न भेटलेल्यांमधला फरक 40 टक्के (70 वजा 30), यांचा गुणाकार 14. अनुत्तराने, म्हणजे निवडलेल्यांकडून उत्तरच न मिळाल्याने, येणारी चूक नेहमी अशीच दोन गोष्टींची बनलेली असते: किती जण सुटले, आणि सुटलेले किती वेगळे होते. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर चूकही शून्य. पहिली गोष्ट तुला माहीत असते, दुसरी माहीत नसते. सगळी अडचण त्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आणि शेजारच्या घरांनी काय झालं? तुझ्याच तक्त्यात आहे. बदली घेतलेल्या 140 बायकांपैकी 42 कमावत्या निघाल्या, म्हणजे पुन्हा 30 टक्के. तू लिहिलंस की यावरून निष्कर्षाला पुष्टी मिळते. मिळत नाही गं. दुपारी बारा वाजता शेजारचं दार उघडणारी बाईसुद्धा दुपारी घरी असणारीच. तू पहिल्यासारख्याच बायका आणखी 140 मोजल्यास. फॉर्म 400 झाले, माहिती मात्र 260 घरांइतकीच राहिली.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगते, कारण मी हीच चूक केली आहे. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. लोकमान्यनगर भागात आमची पाहणी होती, स्थलांतरित कुटुंबांचा गावाशी किती संबंध उरला आहे यावर. गावी घर आहे का, शेत आहे का, वर्षातून किती वेळा जाता, पैसे पाठवता का, असे प्रश्न. संस्थेला अहवालाची घाई होती आणि फील्डवर्कचे दिवस नेमके गणपतीत आले. मी एका चाळीत शिरले तर ओळीने कुलपं. एका दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं नवं तोरण, कडीला कुलूप आणि उंबऱ्याशी शेजारणीने ठेवलेली दुधाची पिशवी. शेजारीण म्हणाली, “सगळी कोकणात गेलीत, गौरी-गणपती करूनच येतील.” आम्हाला एका फॉर्मचे इतके असे पैसे मिळत. रिकाम्या फेरीचे काही नाही. मी पुढच्या उघड्या दाराकडे वळले. दिवसभर तसंच केलं. पाच दिवसांत ठरलेले फॉर्म पूर्ण झाले.

अहवालात आलं की या वस्तीत गावाशी जिवंत संबंध असलेली कुटुंबं थोडी आहेत. संबंध असलेली कुटुंबं त्या आठवड्यात गावीच होती! मी त्यांची कुलपं डोळ्यांनी पाहिली होती, आणि माझ्या एकाही कागदावर त्या कुलपांची नोंद नव्हती. पुढे कोणी तपासायला बसलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं. मला ती दुधाची पिशवी अजून आठवते.

एक जुना दाखला तुला अभ्यासक्रमात भेटला असेलच. अमेरिकेत 1936 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. परत आल्या 23 लाखांच्या आसपास. त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं, आणि प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन निवडून आले. टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या, म्हणजे त्या काळच्या सुखवस्तू लोकांच्या, याद्या वापरल्या म्हणून फसले, एवढंच वर्गात सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. पत्र मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते, हा दुसरा अर्धा भाग. 23 लाखांचा ढीगही ती चूक झाकू शकला नाही. तेव्हा ‘माझा नमुना 400चा आहे’ या वाक्यावर फार विसंबू नकोस.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तू घाबरून जाशील. प्रतिसाद कमी म्हणजे पाहणी वाया, असंही नाही. पाहणीशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ग्रोव्ह्ज यांनी 2006 साली बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडून दाखवलं की नुसत्या प्रतिसादाच्या टक्क्यावरून चूक किती मोठी हे कळत नाही. एकाच पाहणीतल्या एका प्रश्नाला ती मोठी असते, दुसऱ्याला नगण्य. तुझ्याच फॉर्ममधला ‘घरात पाणी किती तास येतं’ हा प्रश्न घे. एकाच चाळीत कुलूपवाल्या घरी आणि उघड्या घरी नळ एकाच वेळी येतो. तिथे तुझे 260 फॉर्म पुष्कळ आहेत. कामाच्या प्रश्नाला मात्र ते पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःला विचार: माणूस न भेटण्याचं कारण आणि या प्रश्नाचं उत्तर, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

आपल्याकडच्या मोठ्या पाहण्यांतही याची खूण दिसते. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, बायकांचा प्रतिसाद 97 टक्के होता आणि पुरुषांचा 92. जे घरी कमी सापडतात, तेच जास्त सुटले. तरी दोन्ही आकडे मोठे आहेत; आपल्या देशात लोक अजून दार उघडतात, बसायला सांगतात, पाणी देतात. अमेरिकेत जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या टेलिफोन पाहण्यांचा प्रतिसाद 1997 मध्ये 36 टक्के होता, तो 2018 मध्ये 6 टक्क्यांवर आला. घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या गेटवर वॉचमनसमोर उभं राहिलं की मला वाटतं, आपणही त्याच वाटेने निघालो आहोत.

आता कामाचं बोलू. ती 140 घरं आधी वेगळी कर. सगळ्यांना मिळून ‘अनुपलब्ध’ म्हणणं म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्यांना ‘आजारी’ म्हणण्यासारखं आहे. मानपाड्याकडचे काही फ्लॅट गुंतवणुकीसाठी घेतलेले असतील, तिथे कोणी राहतच नाही. वर्तकनगरला पुनर्विकासात गेलेली इमारत यादीत असेल पण जागेवर नसेल. ही घरं प्रतिसादाच्या हिशेबातून बाहेर काढ, ती सुटलेली नव्हेत. मग उरतील ती राहती पण बंद, स्पष्ट नकार दिलेली, आणि आजारपणामुळे किंवा भाषेमुळे मुलाखत न झालेली. शिवाय एक चौथा ढीग ठेव, तो म्हणजे वॉचमनने इंटरकॉमवरून ‘मॅडम नको म्हणतायत’ सांगितलेली घरं. तो त्या बाईचा नकार आहे की वॉचमनचा, हे तुला माहीत नाही. तिथे सेक्रेटरींना कॉलेजचं पत्र दोन दिवस आधी पोचवून पुन्हा जा.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही घर बदलायची मुभा असते. पण तिथे मूळ घर का सुटलं याचा कोड भरावा लागतो: माहिती देणारा कामात होता, कुटुंब बाहेरगावी होतं, की सहकार्य दिलं नाही. महत्त्व त्या कोडला आहे. तुझ्याकडे वही असेल तर तारीख, वेळ, कितवी खेप, काय दिसलं, शेजारी काय म्हणाले, एवढं आठवून आजच लिही. उद्यापर्यंत निम्मं विसरशील.

तुझ्या मार्गदर्शकांनी वय-शिक्षण पाहून वेटिंग करायला, म्हणजे कमी भेटलेल्या गटातल्या बायकांच्या उत्तरांना जास्त वजन द्यायला, सांगितलंय म्हणतेस. त्यांचा मान ठेवून सांगते, इथे त्याने थोडंच सुधारेल. वजन देणं तेव्हा उपयोगी पडतं, जेव्हा एकाच वयाच्या, एकाच शिक्षणाच्या भेटलेल्या आणि न भेटलेल्या बायका सारख्या असतात. दुपारी घरी असलेली पस्तिशीची पदवीधर आणि त्याच वेळी ऐरोलीच्या ऑफिसात बसलेली पस्तिशीची पदवीधर, या तुझ्या प्रश्नापुरत्या सारख्या नाहीतच.

यावर उपाय 1946 सालचा आहे. हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी सुचवलेला, आणि तुझ्या खिशाला परवडणारा. न भेटलेल्या सगळ्यांमागे धावू नकोस. त्यांच्यातूनच पुन्हा नमुना काढ. 140 मधलं दर चौथं घर घेतलंस तर 35 घरं होतात. त्या 35 मागे मात्र हात धुऊन लाग. रात्री आठनंतर जा, रविवारी जा, फोनवर वेळ ठरवून जा. हिशेबात त्यातली प्रत्येक बाई चार जणींच्या वतीने मोजली जाईल. शेजारच्या 140 फॉर्मांपेक्षा हे 35 फॉर्म तुला कितीतरी जास्त सांगतील.

घरी पोचल्यावर त्या बाईशीच बोल, सासूशी नको. किसननगरात एकदा एक आजी मला म्हणाल्या, “सून काय करत नाही, घरीच असते.” त्यांच्या मागे कॉटखाली इमिटेशनच्या मण्यांची पोतडी होती आणि अर्ध्या ओवलेल्या माळा खिळ्याला लटकत होत्या. सून आल्यावर कळलं, डझनावर पैसे मिळतात, रोज पाच-सहा तास जातात. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते काम नव्हतं.

उत्पन्नाचा प्रश्न बऱ्याच जणी टाळतात. आकडा विचारू नकोस, गटांचं कार्ड हातात दे.

‘आत्ता नको’ आणि ‘नको’ यांत फरक आहे. पहिल्याला पुन्हा जायचं, दुसऱ्याला नाही. मनाविरुद्ध बसवून घेतलेली मुलाखत मला नको, तिच्या जागी कोरी ओळ चालेल. आणि सोबतच्या मुलांना फॉर्मवर पैसे देत असशील तर ते आजच बंद कर. खेपेवर दे, कुलपाच्या खेपेलाही दे. माझ्या वेळी तसं असतं तर त्या चाळीत मी पुन्हा गेले असते.

ही 35 घरं होईपर्यंत तुझ्या प्रकरणात 30 टक्के एकटं लिहू नकोस. न भेटलेली एकही कमावती नसती तर 19.5 टक्के, सगळ्या असत्या तर 54.5. ही दोन्ही टोकं छाप. परीक्षक भुवया उंचावतील, उंचावू दे. या घडीला तुला खरोखर माहीत आहे ते एवढंच.

बुधवारी संध्याकाळी साडेसातनंतर मी मोकळी आहे. किसननगरच्या बाजूची घरं आपण दोघी मिळून करू, एवढ्या उशिरा गल्लीत एकटी फिरू नकोस. येताना मूळ यादी घेऊन ये, शेजारच्या घरांची नावं लिहिण्याआधीची.

तुझी,
मॅडम