बारावीला गणित नसताना नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी. करता येते का?

होय, करता येते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत या विषयांना प्रवेश मिळतो आणि त्यासाठी बारावीचे गणित लागत नाही. पदवीच्या वर्गांना मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो की गणित विषय नसला तरी आकडेमोड मात्र पहिल्याच वर्षी समोर येते. रात्रभर वाढवलेल्या जीवाणूंचे द्रावण दर वेळी 1 मिलिलिटर घेऊन 9 मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळायचे, असे सलग सहा वेळा केले की ते दहा लाख पटींनी विरळ होते, त्यातील 0.1 मिलिलिटर पेट्रीडिशवर (पोषक माध्यम असलेल्या चपट्या बशीवर) पसरून दुसऱ्या दिवशी 42 वसाहती (एकेका जिवंत जीवाणूपासून वाढलेले ठिपके) दिसल्या, तर मूळ द्रावणात प्रति मिलिलिटर सुमारे 42 कोटी जिवंत जीवाणू होते, हे स्वतः काढता आले पाहिजे. घातांक आणि गुणोत्तर पक्के असतील तर यात अवघड काहीच नाही, आणि माझ्या मते चांगले विद्यार्थी येथेच ओळखू येतात. मर्यादा पुढे येते: एम.एस्सी.साठी जॅमची (आयआयटी आणि इतर संस्थांतील एम.एस्सी.च्या सामायिक प्रवेश परीक्षेची) जैवतंत्रज्ञानाची प्रश्नपत्रिका किंवा गॅट-बी ही जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा द्यायची असेल, तर दोन्हींत बारावीच्या पातळीचे गणितही विचारले जाते. म्हणून कलनशास्त्र आणि संभाव्यता यांची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावी.