सेल्फ फिरतो, पण गाडी पेटत नाही

प्रश्न : माझ्याकडे जुनी पॉइंटवाली प्रीमियर पद्मिनी आहे. पावसाळ्यात सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. मेकॅनिक कॉइल बदला म्हणतो. बदलू का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : इतक्यात नको. कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग, क्वचितच दोषी असते, बदलली मात्र सर्रास जाते.

आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा. ठाण्याच्या पावसात आत दव धरतं आणि करंट प्लगऐवजी ओलाव्यावरून पळतो. कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर पुसून भागणार नाही, कॅप नवीच घ्या.

तरी चालू झाली नाही तर मल्टिमीटर लावा. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली, तर कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. पुढे स्विच ऑन करून, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना कॉइलचं प्लस टोक मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी भरला, तर खोट इग्निशन स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. मोजणी झटपट उरका, कारण असा स्विच ऑन ठेवला की कॉइल तापते.

मग पॉइंट बघा. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) त्यांच्यातली फट साधारण ०.४५ मिमी ठेवा. नवे पॉइंट लगेच जळत असतील तर पॉइंटवरच्या ठिणग्या रोखणारा कंडेन्सर बदला, तो स्वस्त असतो. एवढं करूनही ठिणगी पिवळट, मरतुकडी पडली, तरच कॉइलकडे वळा.