पाटल्या मोडण्याआधी दोन रक्ततपासण्या

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर आहे. वय ३४, पत्नी ३१, तिचे रिपोर्ट नॉर्मल. माझ्या वीर्यतपासणीत दोन्ही वेळा शुक्राणू शून्य, एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारं संप्रेरक) २२. पुण्यातल्या एका केंद्राने मायक्रो-टेसे (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधण्याचं ऑपरेशन) आणि इक्सी (प्रयोगशाळेत स्त्रीबीजात एकेक शुक्राणू सोडून गर्भ तयार करणं) मिळून ३ लाख ४० हजार सांगितलेत, सगळे आगाऊ. पतसंस्थेतली २ लाखांची ठेव आणि पत्नीच्या पाटल्या मोडून भरू का?

उत्तर : पाटल्या मोडू नका, निदान आत्ता तरी. ऑपरेशनच नको असं मी म्हणत नाही. पण एवढी रक्कम एका दमात भरण्याची वेळ अजून आलेली नाही.

नळी तुंबल्यामुळे शून्य आलं असतं, तर शुक्राणू जवळपास नेहमीच मिळतात, तेही सहसा सुईनं. एफएसएच २२ इतकं जास्त म्हणजे बहुधा अडचण निर्मितीतच आहे. अशांपैकी साधारण निम्म्यांना मायक्रो-टेसेत शुक्राणू मिळतात, कधी त्याहून कमी जणांना. एफएसएच जास्त किंवा वृषण लहान म्हणून आशा संपली असं नसतं. या दोन्हींवरून नेमका अंदाज येत नाही. म्हणून कुणी संगणकावर ‘तुमचे चान्स ६० टक्के’ असं काढून दाखवलं, तर त्या आकड्यावर कर्ज काढू नका. त्यापेक्षा विचारा, तुमच्याच केंद्रात माझ्यासारख्या किती जणांचं ऑपरेशन झालं आणि किती जणांत शुक्राणू सापडले.

खरा निकाल देऊ शकते ती वाय मायक्रोडिलीशनची तपासणी, म्हणजे पुरुषाच्या वाय गुणसूत्राचा एखादा बारीक तुकडा गळालाय का ते बघणं. ती आणि कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची संख्या-रचना बघणारी तपासणी) या दोन्ही तुमच्या कागदांत मला दिसल्या नाहीत. रक्त कोल्हापुरातच देता येईल. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नाहीच, म्हणजे ऑपरेशनचे पैसे पाण्यात. फक्त एझेडएफसी गळालेला असेल तर संधी राहते, पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडे जातो. कॅरिओटाइपमध्ये क्लाइनफेल्टर (एक एक्स गुणसूत्र जादा असणं) निघालं तरी दार बंद होत नाही. काही हजारांत लाखांचा निर्णय सोपा होणं, हे माझ्या धंद्यात फार क्वचित बघायला मिळतं.

आता पॅकेजकडे बघू. शुक्राणू सापडले म्हणजे बाळ झालं असं नाही. पुढे गर्भ तयार होणं, तो रुजणं, टिकणं आहेच. ब्रुसेल्सच्या एका केंद्राने २०१५ मध्ये ७१४ पुरुषांचा हिशेब मांडला. शुक्राणू सुमारे ४० टक्क्यांना मिळाले, स्वतःचं मूल मात्र सुमारे १३ टक्क्यांनाच झालं. म्हणून आधी फक्त ऑपरेशन करून शुक्राणू गोठवून ठेवता येतील का, ते विचारा. नाहीतर तुमच्यात काही सापडलं नाही, तर पत्नीनं स्त्रीबीजं वाढवण्यासाठी घेतलेली सगळी इंजेक्शनं वाया जाऊ शकतात. यात एक अडचण आहे. शुक्राणू मोजकेच असतील तर गोठवल्यावर ते टिकतीलच असं नाही, त्यामुळे काही केंद्रं ताजेच वापरायचा आग्रह धरतात. तसं असेल तर काहीच सापडलं नाही तर किती पैसे परत मिळणार, ते लेखी घ्या.

आणि ‘नाहीच मिळाले तर दात्याचे’ हे ऑपरेशनच्या दिवशी ठरवायचं नाही. दोघांनी आधी घरी बसून बोला. सहाय्यक प्रजननाच्या (एआरटी) २०२१ च्या कायद्याप्रमाणे ते नोंदणीकृत वीर्यबँकेतूनच येतात, चुलतभावाकडून नाही. पत्नीचे रिपोर्ट चांगले असल्यानं तेव्हा बऱ्याचदा आययूआयवर (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यावर) भागतं, आणि त्याचा खर्च इक्सीच्या मानानं फारच कमी असतो.

पैशाचं म्हणाल तर मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचा खर्च वगळलेला असतो. ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या. व्याज साधारण ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त पडतं. पाटल्या लागल्याच तर गहाण ठेवा. गुजरीत, म्हणजे सराफकट्ट्यावर, मोडल्या की घट आणि घडणावळ दोन्ही गेली.

तालमीतलं कुणी ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉन सुचवेल, ते घेऊ नका. त्यानं उरलीसुरली निर्मितीही थांबते. दोन्ही रिपोर्ट आले की पाठवा, मग ऑपरेशनसाठी किती रक्कम भरायची ते ठरवू.