लाइट लागायच्या आधीची धडधड

ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, करून आलेली माणसं समुपदेशनात माझ्यासमोर पुन्हा पुन्हा एकच काळजी मांडतात: 'लाइट चमकवला तेव्हा हृदयाचे ठोके वाढले. मेंदूचं बघायला गेलो आणि हृदयाचंच काही निघालं का?'

कोपरखैरण्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. कॉलेजात चक्कर येऊन पडल्यामुळे तपासणी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं: लहरी ठीक, ठोके 118 पर्यंत गेले, पण लय नियमित. घरी पोचला तो फक्त 118 हा आकडा. दिवसातून वीसदा नाडी बघणं सुरू झालं. गणपतीत मंडपाच्या माळांकडेही तो पाठ करून उभा राहिला.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "त्या खोलीत आडवा झालास, तिथपासून सांग."

"डोक्याला वायरी चिकटवल्या. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. जरा वेळाने ताई म्हणाल्या, आता लाइट चमकेल, काही वाटलं तर सांग."

"धडधड कधी सुरू झाली?"

"तेव्हाच."

"लाइट लागला होता?"

तो बराच वेळ गप्प. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"नव्हता, मॅडम."

हा 'नव्हता' ऐकायला मी तीन भेटी थांबले होते. हृदय धावलं ते 'काही वाटलं तर' या तीन शब्दांनी. घटनेला आपण जो अर्थ लावतो तोच अंगात उतरतो, असं मी मानते. इथे तो ठोक्यांत मोजला गेला होता.

भीती, जोरात श्वास, तपासणीसाठी केलेलं जागरण, यांनी ठोके वाढतातच. ईईजीबरोबर हृदयाचीही एक पट्टी घेतात, ती फिटचा झटका आणि ठोके ताडून पाहता यावेत म्हणून. चमकत्या उजेडाने झटके येणारी माणसं असतात. 1997 साली जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या चमकांनंतर शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. पण अशांच्या बाबतीत डॉक्टर मेंदूच्या लहरींत होणारे बदल शोधतात; नुसत्या वाढलेल्या ठोक्यांवरून निदान होत नाही. म्हणून रिपोर्टमधला एकच आकडा उचलू नका, डॉक्टरांना लहरींबद्दल आणि लयीबद्दल विचारा. ठोके फार मंदावले, मध्ये खंड पडला, शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर माझ्याकडे नंतर या, आधी हृदयतज्ज्ञांकडे जा.

डॉक्टरांना विचारून मी त्याला वही दिली. नाडी दिवसातून तीनदाच बघायची आणि शेजारच्या रकान्यात 'आधी मनात काय आलं' ते लिहायचं. नवरात्रात तो मित्रांबरोबर वाशीला गरब्याला गेला, झगमगत्या लाइटखाली. त्या रात्रीचे दोन्ही रकाने कोरे होते.